सायटोस्केलेटन वाचताना जीटीपीपाशी थांबा

सायटोस्केलेटन, म्हणजे पेशीचा प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडा, समोर आला की सगळे आधी धाग्यांच्या जाडीचा तक्ता घोकतात: अ‍ॅक्टिन 7 नॅनोमीटर, इंटरमीजिएट फिलामेंट 10, मायक्रोट्यूब्यूल 25. घोका, अर्ध्या तासाचं काम आहे. पण तक्ता आला म्हणजे धडा झाला असं समजलात तर सीएसआयआर-नेट परीक्षेच्या पार्ट सीमध्ये आपटाल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मला सगळ्यात जास्त छळलं ते जीटीपीनं, म्हणजे एटीपीसारख्याच ऊर्जा देणाऱ्या रेणूनं. काही बांधायचं तर ऊर्जा खर्च व्हायलाच हवी, हे बारावीपासून डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून मायक्रोट्यूब्यूलची नळी बनताना ट्यूब्युलिन प्रथिनाच्या जोड्या एकमेकींना चिकटतानाच जीटीपी मोडत असणार, असं आपण गृहीत धरतो. तसं होत नाही. अल्फा-बीटा जोडी नळीच्या टोकाला येते तेव्हा बीटावर अख्खा जीटीपी असतो आणि जोडी तशीच बसते. तो मोडतो नंतर, जोडी नळीत गेल्यावर. (अल्फावरचा जीटीपी मोडतच नाही, त्याला या भानगडीत आणू नका.) पटत नसेल तर जीएमपीसीपीपी आठवा. हा जीटीपीसारखाच रेणू, फक्त मोडायला फार वेळ घेणारा. तो वापरला तरी नळ्या व्यवस्थित वाढतात, उलट नंतर त्या लवकर सुटतच नाहीत. म्हणजे जीटीपीचं मोडणं ही नळी बांधण्याची मजुरी नव्हे, ती पुढे पाडता यावी म्हणून केलेली तजवीज आहे. जीडीपीवाली, म्हणजे जीटीपी मोडून झालेली, जोडी वाकू पाहते, पण शेजारच्या जोड्यांनी तिला सरळ धरून ठेवलेलं असतं. टोकाशी जीटीपीवाल्या जोड्यांची टोपी आहे तोवर वाढ चालते. टोपी गेली की प्रोटोफिलामेंट (जोड्यांच्या ज्या ओळींची नळी बनते त्या) बाहेर वळत सुटतात आणि नळी झपाट्यानं आखडते. मिचिसन आणि कर्शनर यांनी 1984 साली मांडलेली डायनॅमिक इन्स्टॅबिलिटी ती हीच.

एवढं कळलं की औषधांचे प्रश्न आपोआप सुटतात. कोल्चिसिन ट्यूब्युलिनला धरून नळ्या बनू देत नाही. टॅक्सॉल उलट नळ्यांना मोडू देत नाही. दोघांचा परिणाम मात्र एकच, पेशी मायटोसिसमध्ये, म्हणजे विभाजनाच्या मधेच, अडकते. कारण गुणसूत्रं वेगळी ओढणाऱ्या स्पिंडलला नुसत्या नळ्या पुरत नाहीत, सतत वाढणाऱ्या आणि आखडणाऱ्या नळ्या लागतात. कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिन टाकून प्रॅक्टिकल केलं असेल तर अडकलेले मेटाफेज तुम्ही पाहिलेच आहेत. हे कोल्चिसिन आपल्या कळलावीच्या कंदातही असतं, म्हणून ती इतकी विषारी.

क्लासच्या नोट्समध्ये मात्र ‘कोल्चिसिन = डिपॉलिमराइज, टॅक्सॉल = स्टॅबिलाइज’ एवढंच असतं. असल्या समीकरणांचा मला मनापासून राग आहे. सीनियरच्या वह्यांवरही फार विसंबू नका, त्यांनीही बहुधा तिथूनच उतरवलेलं असतं. त्यापेक्षा नळीची लांबी आणि वेळ यांचा आलेख स्वतः काढा: सावकाश चढण, मग एकदम घसरण. हाच आलेख पाहून उत्तर देणारे गाइड मिळाले तर त्यांना सोडू नका.

अ‍ॅक्टिन त्यामानानं सोपं जातं, घाबरू नका. जीटीपीच्या जागी एटीपी, आणि तोही जोडल्यावरच मोडतो. प्लस टोकाची क्रिटिकल कॉन्सन्ट्रेशन (मोकळं अ‍ॅक्टिन याहून जास्त असेल तर टोक वाढतं, कमी असेल तर आखडतं) साधारण 0.1 मायक्रोमोलर, मायनसची 0.6 च्या आसपास. मोकळं अ‍ॅक्टिन या दोन आकड्यांच्या मधे असेल तर एका टोकाला भर, दुसऱ्याला गळती. हे ट्रेडमिलिंग. आकडे विसरलात तरी चालेल, दोन्ही टोकांसाठी ते वेगळे का असतात ते विसरू नका.

इंटरमीजिएट फिलामेंटला लोक शेवटची दहा मिनिटं देतात. तीही पुरतात, पण एक गोष्ट कळायला हवी: त्यांचे टेट्रामर, म्हणजे चार-चार रेणूंचे गट, उलटसुलट रचलेले असतात, म्हणून प्लस-मायनस टोकं नाहीत आणि काइनेसिन-डायनीनसारख्या मोटर प्रथिनांना दिशा धरून चालायला वाटही नाही. त्यांचं काम ताण सोसण्याचं. केराटिन 5 किंवा 14 मध्ये बिघाड झाला तर साध्या घासण्यानंही त्वचेवर फोड येतात. हे उदाहरण लिहिलंत तर वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

जिवाणूंमधलं एफटीएसझेड आणि एमआरईबी वेळ उरला तर वाचा. पहिलं ट्यूब्युलिनचं नातेवाईक, दुसरं अ‍ॅक्टिनचं, एवढं पहिल्या फेरीला बास.