मणक्यातला गाऊट ओळखताना या चुका टाळा

गाऊट म्हटलं की पायाचा अंगठा आठवतो. एका रात्रीत सुजलेला, लालबुंद, चादर लागली तरी जीव जाईल असा. हे दुखणं युरिक ॲसिडच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे होतं, आणि तेच स्फटिक मणक्यातही साठतात. बहुतेक वेळा कंबरेत, त्यातही एल४-एल५ (कंबरेचा चौथा-पाचवा मणका) च्या आसपास, मणक्यांच्या मागच्या बाजूच्या लहान फॅसेट सांध्यांत. तिथली सूज आणि लाली बाहेरून दिसत नाही. उरते ती नुसती कंबरदुखी, आणि तिच्यासाठी आपल्याकडे 'गादी सरकलीय' आणि 'मणक्यात गॅप आहे' ही उत्तरं तयारच असतात.

कंबर दुखते म्हणून फक्त कंबर पाहणं

रुग्णाला मोजे काढायला सांगा. अंगठा, घोटा, टाचेमागची जाड शीर, कोपराचं टोक, बोटांचे सांधे आणि कानाची वरची कड बोटाने चाचपून पाहा. खडूसारख्या पांढऱ्या, कडक गाठी (टोफाय) सापडल्या तर संशयाला मोठा आधार मिळतो. मग नेमकं विचारा: पूर्वी एखादा सांधा रात्रीत सुजून आठ-दहा दिवसांत आपोआप बरा झाला होता का? 'मुरगळला असेल' म्हणून लोक हे विसरून गेलेले असतात. मूत्रपिंडाचा जुना आजार, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मूत्रपिंड बदलल्यानंतर शरीराने ते नाकारू नये म्हणून देतात ते सायक्लोस्पोरिन यांचीही चौकशी हवी. क्वचित मणका हीच गाऊटची पहिली जागा असते, म्हणून बाकीचे सांधे चांगले आहेत एवढ्यावर गाऊट बाद करू नका.

युरिक ॲसिडच्या आकड्यावर निकाल लावणं

ही चूक दोन्ही बाजूंनी होते. गाऊटच्या ऐन झटक्यात, म्हणजे दुखणं अचानक उसळतं तेव्हा, रक्तातलं युरिक ॲसिड बऱ्याच जणांत नॉर्मल येतं. त्या एका रिपोर्टवर गाऊट नाही म्हणू नका, झटका ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. उलट, हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ७.५ आकडा आला म्हणून प्रत्येक कंबरदुखी गाऊट ठरत नाही. डेसिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर स्फटिक बनू शकतात, तरी आकडा वाढलेल्या बहुसंख्य लोकांना गाऊट कधीच होत नाही.

ताप आणि एमआरआय पाहून थेट क्षयाची औषधं सुरू करणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मणक्यातल्या गाऊटमध्ये ताप येतो, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) चढतात, एमआरआयमध्ये गादी आणि शेजारची हाडं सुजलेली दिसतात, कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर चमकतात. रिपोर्टवर 'जंतुसंसर्ग, क्षयाची शक्यता' असं येतं. भारतात तो विचार पहिला येणं योग्यच आहे, पण रिपोर्टमधली शक्यता म्हणजे निदान नव्हे. ऊतीचा तुकडा न तपासता एकेटी (क्षयाची औषधं) सुरू केली, तर त्यातलं पायराझिनामाइड मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर पडू देत नाही आणि इथॅम्ब्युटॉलही ते वाढवतं. म्हणजे क्षय नसताना औषध चालू आणि खरा आजार वाढता.

घाईने उलट टोकही गाठू नका. जंतुसंसर्ग बाद होण्याआधी गाऊट समजून स्टिरॉइड दिलं तर पू पसरू शकतो. दोन्ही आजार एकाच जागी असू शकतात, त्यामुळे स्फटिक सापडले तरी कल्चरचा (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट येईपर्यंत थांबावं लागतं. कोल्चिसिन (गाऊटच्या झटक्यावरचं औषध) देऊन बरं वाटलं, हाही पुरावा धरू नका. झटका आपोआपही ओसरतो.

एमआरआयवरच थांबणं

एमआरआय नसेवरचा दाब उत्तम दाखवतो, पण गाठ युरिक ॲसिडची की आणखी कशाची, हे त्यातून कळत नाही. साध्या सीटीत फॅसेट सांध्याच्या कडेला कोरल्यासारखे, कडक काठाचे खड्डे दिसतात, आणि गाठीची घनता साधारण १६०-१७० हाउन्सफील्ड युनिट (सीटीवर घनता मोजायचं एकक), म्हणजे स्नायूपेक्षा बरीच जास्त. ड्युअल एनर्जी सीटी त्याच्या पुढे जातो. दोन वेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी युरेट (युरिक ॲसिडचा क्षार, स्फटिक त्याचेच असतात) वेगळं ओळखून सहसा हिरव्या रंगात दाखवतो. तरी प्रत्येक हिरवा ठिपका गाऊट नसतो, गाऊट नसलेल्यांच्या गादीतही तसे ठिपके उमटू शकतात. आजार नवा असेल, साठा लहान असेल, तर खरा गाऊट सुटूनही जातो.

बायोप्सी फक्त फॉर्मॅलिनमध्ये पाठवणं

सीटीच्या मदतीने सुई घालून तुकडा काढला, नेहमीच्या बाटलीत टाकला, आणि पुरावा तिथेच विरघळला. युरेटचे स्फटिक पाण्यात विरघळतात आणि फॉर्मॅलिनमध्ये पाणी असतं. मग रिपोर्टमध्ये मोठ्या पेशींनी वेढलेल्या रिकाम्या जागा तेवढ्या उरतात. म्हणून सुई घालण्याआधीच तीन भाग ठरवा: एक शुद्ध अल्कोहोलमध्ये किंवा ताजा, स्फटिकांसाठी, एक निर्जंतुक बाटलीत, कल्चर आणि क्षयाच्या एएफबी व जीनएक्स्पर्ट तपासण्यांसाठी, आणि एक फॉर्मॅलिनमध्ये, कर्करोग पाहण्यासाठी. चिठ्ठीवर 'गाऊटचा संशय, पोलराइज्ड प्रकाशात पाहावे' असं स्पष्ट लिहा, पॅथॉलॉजिस्टला फोनही करा. भरपाई प्लेट (पोलराइज्ड प्रकाशात स्फटिकांना रंग आणणारी काच, कॉम्पेन्सेटर) लावलेल्या सूक्ष्मदर्शकात, प्लेटच्या अक्षाला समांतर असलेली युरेटची सुई पिवळी दिसते, आडवी निळी. चौकोनी-तिरकस स्फटिक दिसले आणि रंग उलटे असले, तर तो कॅल्शियमच्या स्फटिकांचा, गाऊटसारखाच भासणारा वेगळा आजार, स्यूडोगाऊट.

निदान झाल्यावरची घाई

युरिक ॲसिड ६ च्या खाली कायम ठेवायचं असतं. त्यासाठी युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल रोज १०० मिलिग्रॅम, मूत्रपिंड कमकुवत असल्यास त्याहून कमी, असं सुरू करून डॉक्टर हळूहळू वाढवतात. सुरुवातीच्या महिन्यांत झटके वाढू शकतात, म्हणून सोबत तीन ते सहा महिने कोल्चिसिनसारखं संरक्षण देतात. झटका आला म्हणून चालू ॲलोप्युरिनॉल बंद करू नका.

गाठी विरघळायला महिने लागतात, नस तेवढी थांबत नाही. पायातली ताकद कमी होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात पोहोचा.