डिसोझांचं आडनाव ‘अवैध’ कसं? या चुका टाळा

इंग्रजीत डिसोझा लिहिताना बरेच जण ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी देतात (D'Souza). देवनागरीत आपण ती गाळून मोकळे होतो, त्यामुळे तिचा जाच ज्याचा त्यालाच माहीत. वसईतल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळत होतो. एका सभासदाचा अर्ज काही केल्या सेव्ह होईना. लाल अक्षरांत ‘अवैध आडनाव’. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “अंकल, ते वरचं टिंब काढून टाकू?” “काढ बाय, मग पासबुकावरचं, दाखल्यावरचं पण तूच काढून दे.”

चूक आमची होती. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेत, मजकूर कुठे सुरू झाला, कुठे संपला हे याच चिन्हावरून ठरतं. आडनाव थेट क्वेरीत (डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत) चिकटवलं की डेटाबेसच्या लेखी ते ‘डी’वरच संपतं आणि उरलेला ‘सोझा’ त्याला आज्ञा वाटते. आमच्या आधीच्या प्रोग्रामरने यावर तोड काढली ती चिन्हावर बंदी घालून! पण ज्या फटीत डिसोझा अडकतात, तिच्यातूनच एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे नावाच्या जागी आज्ञा घुसवायचा हल्ला, आत शिरतं. पॅरामीटराइज्ड क्वेरी वापरा. त्यात आज्ञा वेगळी जाते, नाव वेगळं.

पावतीवर आडनावाच्या मध्येच ' छापून येतंय? मग नाव एचटीएमएलसाठी (वेबपानाच्या भाषेसाठी) दोनदा एस्केप झालंय, म्हणजे चिन्हाच्या जागी कोड घालायचं काम दोनदा झालंय. साठवताना नाव जसंच्या तसं ठेवा, एस्केप फक्त दाखवताना करा. उलटा स्लॅश दिसत असेल तर जुनं पीएचपी (वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा) आठवा. अपॉस्ट्रॉफीआधी आपोआप स्लॅश घालणारं त्यातलं ‘मॅजिक कोट्स’ २०१२च्या ५.४ आवृत्तीत गेलं, पण त्याने घुसवलेले स्लॅश जुन्या टेबलांत अजून सापडतात.

सर्चमध्ये नाव सापडत नसेल तर चिन्ह नीट बघा. साध्या कीबोर्डची अपॉस्ट्रॉफी सरळ, वर्डची बाकदार. कॉम्प्युटरला ही दोन वेगळी अक्षरं. (बाकदार चिन्हाची यूटीएफ-८ फाइल विंडोज-१२५२ या दुसऱ्याच अक्षरसंकेताने उघडली, की टोपीवाला ए, युरो आणि ट्रेडमार्क असं त्रिकूट हजर.) शोधासाठी चिन्हं काढलेला वेगळा कॉलम ठेवा. पासपोर्टच्या खालच्या, मशीनने वाचायच्या ओळींतही अपॉस्ट्रॉफी गाळतात. म्हणून तिथल्या नावाशी ताडताना ‘नाव जुळत नाही’ म्हणून कुणाला परत पाठवू नका.

आणि हे फक्त डिसोझांचं दुखणं नाही. ‘कऱ्हाडे’मधला ऱ युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणून येतो, नाहीतर र अधिक नुक्ता (खालचं टिंब) म्हणून. दिसायला सारखेच, तुलनेत वेगळे. आधी एनएफसी करा, म्हणजे दोन्ही युनिकोडच्या एकाच ठरावीक रूपात आणा, मग ताडा.

आमच्या टेस्टिंगच्या यादीत तोवर सगळे पाटील आणि जोशीच होते. अंकलचा अर्ज तिसऱ्या दिवशी, टिंबासकट, सेव्ह झाला.