आधी मोजणी नीट, मग संभाव्यता

संभाव्यतेची उदाहरणं बहुतेकदा भागाकारात (हव्या त्या शक्यता ÷ एकूण शक्यता) नाही, मोजणीत चुकतात. म्हणून पेन उचलण्याआधी दोन गोष्टी ठरवा: क्रम बदलला की उत्तर वेगळं धरायचं का? एकदा घेतलेलं पुन्हा घेता येतं का?

ठाणे-वाशी लोकल घ्या. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी अशी ९ स्टेशनं. एकेरी तिकिटं किती तऱ्हेची? चढायला ९ स्टेशनं, उतरायला उरलेली ८, म्हणून ९ × ८ = ७२. पास मात्र दोन्ही दिशांना चालतो. ऐरोली-वाशी आणि वाशी-ऐरोली एकच. म्हणजे पास ७२ ÷ २ = ३६ तऱ्हेचे. तिकिटं हे पर्म्युटेशन (क्रम धरून मोजणी), पास हे कॉम्बिनेशन (क्रम न धरता मोजणी).

आता यातली कोणतीही ३ स्टेशनं पाणपोईसाठी निवडा. ९ × ८ × ७ = ५०४ झाले. इथे हमखास ३ ने भागलं जातं आणि उत्तर फसतं. तीच तीन नावं ३ × २ × १ = ६ क्रमांनी लिहिता येतात, म्हणजे प्रत्येक निवड ६ वेळा मोजली गेली. उत्तर ८४. सूत्र विसरलात तरी हरकत नाही, एक निवड किती वेळा मोजली गेली तेवढं शोधा.

‘किमान एक’ असे शब्द आले की उलट बाजूने मोजा. एमएच ०४ च्या, म्हणजे ठाण्याच्या गाडीचा चार अंकी नंबर ०००१ ते ९९९९ मधला. त्यात किमान एक अंक पुन्हा आलेला असण्याची संभाव्यता किती? थेट मोजायला गेलात तर दोन सारखे, तीन सारखे, दोन जोड्या, चारही सारखे असे फाटे फुटतात. त्यापेक्षा चारही अंक वेगळे असलेले नंबर मोजा: १० × ९ × ८ × ७ = ५०४०. उरले ९९९९ − ५०४० = ४९५९, आणि ४९५९ ÷ ९९९९ म्हणजे सुमारे ०.४९६. जवळजवळ निम्मे! ठाण्यातल्या तीन हात नाक्यावर खऱ्या गाड्या मोजल्यात तर आकडा थोडा हलेल, कारण काही जण पैसे भरून आवडीचा नंबर घेतात. सगळे नंबर समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेचे, राहत नाहीत.

समसंभाव्य नसलेल्या गोष्टी मोजून भागाकार करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लोकल मिळेल किंवा चुकेल, म्हणून १/२, असं होत नाही. दोन फाशांची बेरीज २ ते १२, म्हणजे ११ निष्पत्ती, म्हणून ७ येण्याची संभाव्यता १/११, हेही चूक. एक फासा लाल, एक निळा धरा आणि ६ × ६ चा तक्ता आखा. ३६ घरांपैकी ७ सहा घरांत येतो, १२ फक्त एका घरात.