अकरावी-बारावीत कामाचा अनुभव घ्यायचाय? आधी खातं ठरवा

कोल्हापुरात मुलाला सुट्टीत कामाचा अनुभव द्यायचा म्हटलं की घरचे आधी कंपनीचं नाव शोधतात. शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित एमआयडीसीत कुणाची तरी ओळख निघते, एक फोन होतो आणि पोरगं गेटवर हजर. कुठल्या खात्यात, कोणाच्या हाताखाली, हे विचारायचं राहूनच जातं. पंधरा दिवसांत पदरात काय पडणार, हे मात्र त्यावरच ठरतं. मोठ्या कंपनीच्या डिस्पॅचला बसून लेबलं चिकटवणाऱ्यापेक्षा उद्यमनगरात चार लेथच्या शॉपमध्ये मिस्त्रीशेजारी मायक्रोमीटर धरणारा जास्त शिकून येतो.

तुम्ही कुठल्या वाटेवर आहात

एचएससी व्होकेशनलला असाल (लोक अजून एमसीव्हीसीच म्हणतात), तर प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण अभ्यासक्रमातच आहे. त्याची जबाबदारी कोणत्या सरांकडे आहे आणि कॉलेजचा कोणत्या आस्थापनांशी संबंध आहे, हे वर्ष सुरू होतानाच विचारून ठेवा. दिवाळीनंतर विचारलं तर चांगल्या जागा गेलेल्या असतात. द्विलक्षी (बायफोकल) विषय घेतला असेल, तर दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी 200 गुणांचा तांत्रिक विषय असतो. त्याची प्रात्यक्षिकं कॉलेजातच होतात, त्यामुळे कारखान्याचा अनुभव हवा तर तो स्वतः मिळवावा लागतो. साध्या विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या मुलांचंही तेच.

दहावीनंतर आयटीआयला गेलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डर एका वर्षाचा. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. व्होकेशनलच्या तांत्रिक गटातल्या मुलांनाही तो रस्ता आहे. पात्रतेच्या अटी त्या वर्षीच्या प्रवेश पुस्तिकेत वाचाव्यात, गेल्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर राहू नये.

अठरा पूर्ण नसतील तर

बालक व किशोरवयीन कामगारांविषयीचा 1986 चा कायदा 2016 मध्ये दुरुस्त झाला. तेव्हापासून 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक प्रक्रियांमध्ये कामाला लावता येत नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यातही साधारण वयोमर्यादा 14 असली, तरी धोकादायक उद्योगांसाठी ती 18 आहे. कोल्हापूरसाठी ही बाब फार महत्त्वाची, कारण फौंड्रीतलं ओतकाम, फेटलिंग (ओतीव मालाच्या जादा कडा घासून काढणं) आणि शॉट ब्लास्टिंग (बारीक छऱ्यांच्या माऱ्याने तो साफ करणं) धोकादायक कामांतच मोडतं. भट्टीतून निघणारा बिडाचा रस 1300 अंश सेल्सिअसच्या वर असतो, आणि साच्यात नुसता ओलावा राहिला तरी तो उसळून अंगावर येतो. नॉकआऊट (साचा फोडून माल बाहेर काढणं) आणि फेटलिंगला उडणारी सिलिकाची बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही. ती वर्षानुवर्षं फुफ्फुसात साचून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. ‘नुसतं बघायला उभा राहू दे’ म्हणून सतरा वर्षांच्या पोराला तिथे धाडू नये.

वेळेचे नियमही 1986 च्याच कायद्यात आहेत. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान एक तास विश्रांती, ती धरून दिवसाचे सहा तास. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही आणि ओव्हरटाइम तर नाहीच. शिकायला जाणाऱ्या मुलांनीही हेच वेळापत्रक धरावं. साडेनऊला सुरुवात, साडेबारा ते दीड जेवण आणि साडेतीनला सुट्टी. आठवड्याच्या सुट्टीचा वार आधीच विचारून घ्या, ती रविवारीच असते असं नाही.

कोणतं खातं मागायचं

फौंड्री असलेल्या कंपनीत अठराच्या आतल्या मुलाने मशीन शॉप, क्वालिटी किंवा पॅटर्न शॉप मागावं. पॅटर्न शॉपकडे फार कमी मुलं वळतात, आणि ते चुकतं. पॅटर्न म्हणजे ज्यावरून वाळूत साचा पाडतात तो नमुना. थंड झालेलं बीड आक्रसतं म्हणून पॅटर्न जॉबपेक्षा, म्हणजे तयार होणाऱ्या नगापेक्षा, थोडा मोठा करावा लागतो. ग्रे आयर्नला ही वाढ साधारण 1 टक्का, म्हणजे 300 मिमीच्या लांबीला 3 मिमी. वर पॅटर्न साच्यातून सहज निघावा म्हणून बाजूंना थोडा उतार (ड्राफ्ट), आणि पुढे मशिनिंग होणार त्या जागी जादा माल. ड्रॉइंगवरचं माप आणि पॅटर्नचं माप वेगळं का, हे एकदा कळलं की पुढची निम्मी फौंड्री समजते.

क्वालिटीत बसायला मिळालं तर रिजेक्शनच्या ढिगाऱ्यापासून सुरुवात करा. ब्लो होल म्हणजे गॅस अडकला. वाळूत ओल जास्त होती किंवा हवा जायला वाट नव्हती. वाळूचे कण अडकले असतील तर साचा ढासळलाय. जॉबच्या दोन अर्ध्या भागांची कड जुळत नसेल तर वरची-खालची पेटी सरकली. जाड भागात पोकळी दिसली तर तो भाग शेवटी गोठला आणि त्याला रस पुरला नाही. रोज अशा पाच जॉबची नोंद ठेवली तर पंधरा दिवसांत नजर तयार होते.

मशीन शॉपला जाणार असाल, तर माप घेता येणं ही तिथल्या प्रवेशाची खरी परीक्षा. 0.02 मिमी लघुतमांकाच्या (सर्वांत लहान मोजता येणाऱ्या मापाच्या) व्हर्नियरवर मुख्य पट्टी 23 दाखवते आणि व्हर्नियरची 17 वी रेघ जुळते, तर माप 23 अधिक 17 गुणिले 0.02, म्हणजे 23.34 मिमी. मायक्रोमीटरचं थिंबल (फिरणारी नळी) एका फेऱ्यात 0.5 मिमी सरकतं आणि त्यावर 50 भाग असतात; स्लीव्हवर (आतल्या स्थिर नळीवर) 7.5 आणि थिंबलवर 28, तर 7.78. एवढं घरीच सराव करून जा. प्रत्येक वेळी आधी शून्य तपासायचं. मायक्रोमीटर टोकाच्या रॅचेटनेच (ठरावीक दाबाला घसरणाऱ्या मुठीने) फिरवायचा, थिंबल धरून आवळलं की माप कमी येतं.

नवी मुलं हमखास फसतात ती गरम जॉबवर. मशीनवरून नुकताच उतरलेला 100 मिमी व्यासाचा बिडाचा जॉब खोलीपेक्षा 20 अंशांनी गरम असेल, तर तो सुमारे 0.02 मिमी मोठा दिसतो. ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) 0.03 असेल तर एवढ्यानेही ओके जॉब रिजेक्ट होतो, किंवा गार झाल्यावर अंडरसाइज निघतो. म्हणून जॉब आणि गेज एकाच तापमानाला आल्यावरच माप नोंदवा.

फिरत्या मशीनजवळचे नियम थोडे आहेत पण त्यांत सूट नाही. लेथ किंवा ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत, कारण मोजा अडकला की हात ओढला जातो. कडं, गंडा, दोरा, ओढणी, लोंबती बाही काही नको. केस टोपीत. चक की (जॉब पकडणारा चक आवळायची चावी) चकमध्ये सोडून हात काढायचा नाही. चिप्स हुकने काढायच्या, हाताने कधीच नाही, आणि हवेच्या नळीने अंगावरची धूळ उडवायची नाही. चपला घालून आलेल्या मुलाला कुठलाही चांगला मिस्त्री मशीनजवळ उभा करत नाही, आणि ते बरोबरच आहे.

इंजिनिअरिंग नको असेल तर

साखर कारखाना हंगाम पाहून निवडा. प्रयोगशाळेत ब्रिक्स-पोल (रसातले विरघळलेले घटक आणि साखर मोजणं) शिकायचं असेल तर गाळप चालू असताना, म्हणजे हिवाळ्यात. फिटरचं काम बघायचं असेल तर उन्हाळ्यात, कारण तेव्हा मिल, पंप, गिअरबॉक्स सगळं खोललेलं असतं. चालू कारखान्यात जे झाकलेलं असतं ते ऑफ सीझनला हाताळायला मिळतं. टाक्यांत उतरणं आणि उंचीवरचं काम मात्र अठराच्या आतल्या मुलाने करायचं नाही. हुपरीला चांदीच्या कामात घडण, जोडकाम, पॉलिश बघावं; ॲसिड आणि प्लेटिंगच्या खोलीपासून लांब राहावं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ते काम शिकायचं तर दुकानात बसू नका, कातडं कापण्यापासून वेणी घालण्यापर्यंत सगळं एका जागी होतं अशा कारागिराकडे जा.

वाणिज्यच्या मुलांना कर सल्लागाराचं ऑफिस सगळ्यात सोयीचं, फक्त तारखा बघून जा. जीएसटीचं विक्रीचं मासिक विवरण 11 तारखेपर्यंत आणि कर भरण्याचं 3बी विवरण साधारण 20 तारखेपर्यंत भरायचं असतं. त्या धांदलीत तुम्हाला शिकवायला कुणाला फुरसत नसते. 21 नंतर सुरू करा. पुढच्या विवरणासाठी बिलं लावताना सगळं क्रमाने कळेल.

कधी आणि कसं विचारायचं

अकरावीची परीक्षा संपल्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. दिवाळीच्या सुट्टीत कारखानेच काही दिवस बंद असतात. जुलै-ऑगस्ट टाळा. पंचगंगेला पूर आला की शिरोलीकडचा रस्ता बंद होऊ शकतो, 2019 आणि 2021 ला तेच झालं.

ओळख असली तरी अर्ज घेऊन स्वतः भेटा. महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस डिस्पॅचची घाई असते, तेव्हा जाऊ नका. लहान शॉपमध्ये थेट मालकांना भेटायचं, मोठ्या कंपनीत एचआरकडे अर्ज देऊन प्रॉडक्शनच्या साहेबांची वेळ मागायची. बोलणं एवढंच: “नमस्कार साहेब, मी अकरावी सायन्सला आहे, मेकॅनिकल मेंटेनन्स विषय आहे. मला बारा दिवस, साडेनऊ ते साडेतीन, क्वालिटी किंवा मशीन शॉपला बसायचंय. पगार नको. व्हर्नियर-मायक्रोमीटर वाचता येतो. कॉलेजचं पत्र आणलंय.” वडिलांना सोबत न्या, पण बोलू देऊ नका.

सोबतच्या कागदांत कॉलेजचं शिफारसपत्र, पालकांचं संमतीपत्र, आधारची प्रत, रक्तगट आणि घरचा फोन नंबर असावा. अपघात विम्याचं काय, हे कॉलेजला लेखी विचारा. अठरा पूर्ण असतील तर बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्या, वर्षाला 20 रुपयांत अपघाताचं 2 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं.

वही आणि दाखला

रोज एक पान लिहा. तारीख, मशीन, केलेलं काम, वापरलेलं साधन, घेतलेली मापं, आणि आज काय बिघडलं व का. ड्रॉइंगचे फोटो काढायचे नाहीत, ग्राहकाचं नाव वहीत लिहायचं नाही. एका फोटोवरून पोराला दुपारीच घरी पाठवलं जातं. पानावर मिस्त्रींची किंवा सुपरवायझरची सही त्याच दिवशी घ्या. शेवटी एकदम बारा सह्या मागितल्या की त्या वहीला काही किंमत राहत नाही.

तिसऱ्या दिवशीही हातात झाडूच असेल तर गप्प बसू नका, आणि तोंड वाकडंही करू नका. “मिस्त्री, झाडून झालंय, आता हे पाच जॉब मी मापून लिहू का? तुम्ही नंतर तपासा.” असं नेमकं काम मागितलं की बहुतेक वेळा मिळतं. ‘काहीतरी शिकवा’ म्हटलं तर कुणालाच काय शिकवायचं ते सुचत नाही. आठवडा झाला तरी फरक नसेल तर कॉलेजच्या सरांना सांगून खातं बदलून घ्या.

‘प्रशिक्षण समाधानकारक’ असा दाखला पुढे कुणी वाचत नाही. मसुदा तुम्हीच लिहून न्या: तारखा, एकूण दिवस, खातं, आणि “व्हर्नियर व मायक्रोमीटरने मापन, पहिल्या नगाची तपासणी व नोंद, डीबरिंग (धारदार कडा काढणे) ही कामे देखरेखीखाली केली” अशी ओळ. लेटरहेड, शिक्का, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा बघून घ्या.

बारावी किंवा आयटीआयनंतर ॲप्रेंटिसशिप

इथून पुढे पैसे मिळतात आणि कागदही पक्का होतो. आयटीआय झालेल्यांनी केंद्राच्या ॲप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणी करायची. एचएससी व्होकेशनल उत्तीर्ण मुलांची एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी एनएटीएस या केंद्राच्याच दुसऱ्या योजनेच्या पोर्टलवर होते. आपल्या भागाचं काम मुंबईच्या प्रादेशिक मंडळाकडे आहे. तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. म्हणजे उद्यमनगरातलं छोटं शॉपही घेऊ शकतं, फक्त मालकांना ते माहीत नसतं, सांगावं. 2019 च्या नियमांत बारावी किंवा आयटीआय झालेल्याला महिना किमान 7000 रुपये विद्यावेतन ठरलं. सध्याचा आकडा करारावर वाचा. ॲप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवरच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत (एनएपीएस) त्यातला 25 टक्के, जास्तीत जास्त 1500 रुपयांचा वाटा सरकार थेट तुमच्या बँक खात्यात टाकतं, म्हणून ते खातं आधारशी जोडलेलं लागतं.

दोन ठिकाणी गाडी अडते. आधार आणि मार्कलिस्टवरचं नाव जुळत नाही. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे आडनाव आधी. ही दुरुस्ती निकालाच्या आधीच करून घ्या. आणि पोर्टलवर करार होण्याआधी कामाला सुरुवात करू नका. ‘या उद्यापासून, कागद नंतर बघू’ म्हटलं तरी करार क्रमांक हातात येईपर्यंत थांबा, कारण त्याआधीचे दिवस शिकाऊ उमेदवारीत धरले जात नाहीत.