लाँचने रेवदंडा: एका दिवसाच्या सहलीची तयारी

मुंबईच्या गेटवेहून लाँचने मांडवा आणि तेथून अलिबागमार्गे रेवदंड्याचा समुद्रकाठचा किल्ला, अशी एका दिवसाची सहल आखताना पहिली नोंद परतीच्या शेवटच्या लाँचची करावी आणि मगच बाकीचा दिवस तिच्याकडून मागे मोजत यावा. लाँचच्या वेळा ऋतूप्रमाणे आणि वारानुसार बदलतात, म्हणून आदल्या दिवशी त्या पुन्हा पाहून कागदावर लिहून घ्याव्यात. गेटवेच्या बहुतेक लाँचच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग या सुमारे २० किलोमीटरच्या बसचे भाडे धरलेले असते. परतीचे तिकीट आधीच काढले असल्यास ते हरवू देऊ नये, आणि अलिबागहून ती बस लाँचच्या बऱ्याच आधी सुटते हेही हिशेबात धरावे. प्रत्यक्षात चुकते ती लाँच नव्हे, तिला जोडलेली बस.

पावसाळ्यात गेटवेची ही वाहतूक बंद असते. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो बोट हवामान साथ देईल तेव्हा त्या दिवसांतही चालते आणि तिच्यातून स्वतःचे वाहनही नेता येते; परंतु तेव्हा तटबंदी झाडोऱ्याने झाकलेली आणि दगड शेवाळलेले असतात, त्यामुळे केवळ रेवदंड्यासाठी जायचे असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा.

महिना ठरला की तिथी पाहावी. रेवदंड्याच्या तटाचा समुद्राकडील भाग पुळणीवरून चालत पाहण्यात खरी मौज आहे आणि त्यासाठी दुपारच्या सुमारास ओहोटी हवी. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराला. दशमीला ओहोटी दीडला येते. पौर्णिमा-अमावास्येला मात्र ऐन दुपारी उधाणाची भरती तटाला भिडलेली असते. अष्टमीच्या आसपासची भरती भांगाची, म्हणजे कमी चढउताराची असल्याने पाणी फार दूर ओसरत नाही, तरीही चालण्यापुरती वाळू मिळते. सकाळी आठच्या सुमाराची लाँच धरल्यास तासाभरात मांडवा आणि अकराच्या आसपास रेवदंडा गाठता येते, तेव्हा अष्टमी ते दशमी या तिथी उत्तम.

सोबतच्या सामानात टोपी, दोन बाटल्या पाणी, सुटे पैसे आणि चांगली पकड असलेले बूट एवढे पुरे. ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी लाँच सुटण्यापूर्वीच घ्यावी. दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून परतीसाठीही एक जवळ ठेवावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेजवळ झालेल्या बोट-दुर्घटनेची आठवण ठेवून लाइफ जॅकेट बसल्याबरोबर अंगात घालावे आणि लहान मुलाच्या मापाचे जॅकेट आहे का, हे लाँचवर चढतानाच विचारावे. हिवाळ्यात लाँचमागे कुरवांचे थवे येतात. त्यांना चिप्स भरवण्याची हौस मात्र घरीच ठेवावी.

अलिबागहून रेवदंडा सुमारे १७ किलोमीटर आहे. मुरूडकडे जाणारी एसटी किंवा मिनीडोर रिक्षा नागाव-चौल करत तेथे पोहोचवते. उतरण्यापूर्वी थोडा इतिहास वाचून ठेवावा, कारण किल्ल्यात तो समजावून सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. १५०८ मध्ये रेवदंड्यालगतच्या चौलच्या बंदरात पोर्तुगीज आरमाराचा पराभव होऊन त्याचा सेनानी लोरेंसो द आल्मेदा मारला गेला. तरीही पुढच्या काही वर्षांत पोर्तुगीजांनी येथे वखार आणि मग किल्ला उभारला, १५७०-७१ चा निजामशाही वेढा सोसला आणि १७४० मध्ये, वसई पडल्यानंतरच्या वर्षी, हे ठाणे मराठ्यांच्या हाती आले. एवढे ठाऊक असले की दरवाजावरील पोर्तुगीज राजचिन्ह आणि सातखणी नावाच्या मनोऱ्याचे उरलेले मजले नुसते पडके दगड वाटत नाहीत. आज त्या तटांच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, त्यामुळे बरेचसे अवशेष खासगी जागेत येतात. वाडीवाल्यांना विचारूनच आत जावे. रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात याच चौल बंदरात उतरला होता. बेने इस्रायलींचे, म्हणजे कोकणातील ज्यूंचे, सिनेगॉगही रेवदंडा गावात आहे.

जेवण अलिबागेपर्यंत लांबवू नये. रेवदंडा-चौल परिसरातील घरगुती खानावळीत सकाळी पोहोचताच सांगून ठेवल्यास दुपारी माशांचे ताजे ताट मिळते. नंतर खाडीवरील पूल ओलांडून कोर्लईला जायचे की नाही, हे घड्याळाकडे पाहून ठरवावे. पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये घेतलेला तेथील किल्ला दीपगृहाकडून अर्ध्या तासात चढता येतो, मात्र वरील तोफा आणि चर्चचे अवशेष पाहून उतरण्यास दोन तास तरी हवेत. चढण जमत नसेल तर गावापुरते जावे. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली, ‘नोलिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ या नावाची बोली अजून घरात बोलली जाते. ती ऐकण्याची इच्छा असल्यास आधी ओळख करून घ्यावी, थोडे बसावे. परवानगीवाचून फोन समोर धरून चित्रण करू नये. त्याच दिवसात अलिबागचा कुलाबा किल्लाही उरकण्याचा मोह टाळावा, कारण तेथेही पायी जाण्यास ओहोटीच लागते आणि एका दिवसात दोन ओहोट्या साधणे कठीण.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेल्यास अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा मिळतात. त्यांच्यासाठी जाळीची मोकळी पिशवी घरूनच न्यावी, म्हणजे लाँचच्या गर्दीत कांदे ठेचले जात नाहीत.