कडक सरांचा पेपर घ्यायचा की नाही?

"घेऊ नको गे तो पेपर. सर मार्क देत नाहीत."

बीएस्सीच्या पाचव्या सेमिस्टरला ऐच्छिक पेपर निवडायचा होता, तेव्हा बेळगावच्या कॉलेजात तीन सीनियरांनी मला हेच सांगितलं. एकीकडे न्यूमरिकल मेथड्स; पायऱ्या नीट बसल्या की कॅल्क्युलेटरवर निघणारा पेपर. दुसरीकडे रिअल अ‍ॅनालिसिसचा, म्हणजे क्रम, सीमा असल्या गोष्टी काटेकोर सिद्ध करण्याच्या गणिताचा, पुढचा भाग आणि शिकवायला धारवाडकडचे, कडक म्हणून नाव असलेले सर. मी खानापूर तालुक्यातल्या नंदगडची. एसएसएलसीपर्यंत (दहावी) मराठी माध्यम आणि पीयूसीला (अकरावी-बारावी) सायन्स घेतलं तसं गणित एकदम इंग्रजीत. श्रेढी म्हणजेच प्रोग्रेशन, हे डोक्यात बसायलाच आठवडा गेला होता. भीती वाटली त्यात नवल नाही.

मी त्या तिघांना थोडं खोदून विचारलं. दोघं सरांच्या वर्गात कधी बसलेच नव्हते. तिसऱ्याला इंटरनलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत, खरंच कमी पडले होते, पण त्यानं तो पेपर जपून ठेवला होता. तुम्हालाही माझं पहिलं सांगणं हेच, की मार्कांची चौकशी करू नका, तपासलेला पेपर मागून बघा. त्या पेपरावर नुसते आकडे नव्हते. 'देअरफोर'भोवती (म्हणून) तांबडा गोल आणि शेजारी कन्नडमध्ये एकच शब्द: याक? म्हणजे, का? जिथं उडी मारली होती तिथं राहिलेली ओळ सरांनी स्वतः लिहून दिली होती. मार्क कापून गप्प बसणारे शिक्षकही मी पाहिलेत. त्यांच्या कडकपणातून विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. या सरांच्या कडकपणातून लागत होतं.

मग विचारून दोन तास मागच्या बाकावर बसले. सरांनी फळ्यावर एक क्रम लिहिला: एन भागिले (एन अधिक एक), एन म्हणजे कितवं पद ते. हा कुठं जातो? सगळे म्हणाले, एककडं. "याक?" एन मोठा होत जातो म्हणून, असं कुणीतरी म्हणालं. सर म्हणाले, "किती मोठा? मला एकपासून ०.०१ पेक्षा कमी अंतर पाहिजे. कितव्या पदापासून पुढं ते कायम मिळेल?" वर्ग गप्प. मी वहीत मांडलं. अंतर येतं एक भागिले (एन अधिक एक), ते एक शतांशापेक्षा कमी पाहिजे, म्हणजे एन अधिक एक शंभराच्या वर. शंभराव्या पदापासून पुढं! अंतर ०.००१ मागितलं तर हजाराव्यापासून. समोरचा कितीही बारीक अंतर मागू दे, मला पद सांगता येतंय. एप्सिलॉन म्हणजे हेच मागितलेलं बारीक अंतर. त्याची व्याख्या चौथ्या सेमिस्टरला मी तोंडपाठ केली होती, पण ती म्हणते काय, हे त्या दिवशी कळलं. फॉर्म तिथंच ठरला.

किंमत मात्र मोजावी लागली. पहिल्या इंटरनलला २० पैकी ७. घरी सांगताना रडू आलं. या पेपरला रोज दीड-दोन तास जायचे, आणि उत्तर मागं बघून सोडवायची सवय मोडायला दिवाळी उजाडली. म्हणून सगळ्यांनी हा पेपर घ्यावा असं मी म्हणणार नाही. मागचा एखादा विषय राहिलेला असेल, किंवा रोज चार तास प्रवासात आणि वर घरचं काम असेल, तर यंदा सोपा पेपर घ्या. त्यात कमीपणा काही नाही. पण पुढं एमएस्सी करायची असेल तर टाळू नका. जॅम म्हणजे आयआयटी वगैरेंत एमएस्सीला जायची प्रवेशपरीक्षा. तिचा गणिताचा पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० मार्क. त्यातल्या १० प्रश्नांत एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर धरले तरच मार्क, अर्धेमुर्धे नाहीत. अभिसारी (एका ठरावीक संख्येकडं जाणारा) क्रम बंदिस्त (दोन ठरावीक संख्यांच्या आत राहणारा) असतो, पण बंदिस्त क्रम अभिसारी असेलच असं नाही. उणे एक, एक, उणे एक, एक, हा क्रम बघा. असली उलटसुलट विधानं तिथं येतात, आणि 'याक?' विचारायची सवय नसलेला माणूस तिथंच घसरतो.

आणखी एक, संकोच करू नका. शंकांचा तास संध्याकाळी पाचला असायचा आणि त्याला थांबलं की माझी खानापूरहून गावची बस चुकायची. महिनाभर मी तो तास बुडवला, सर रागावतील म्हणून बोललेच नाही. शेवटी मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. सरांनी मराठीतच विचारलं, "मग आधी का नाही बोललीस?" पुढच्या बुधवारपासून तास जेवणाच्या सुट्टीत झाला. खानापूर, लोंढ्याकडच्या आणखी चार मुली डबे घेऊन त्याला यायला लागल्या.