घरी डूला बोलवताय? आधी हे बोलून घ्या

घरात कुणाचं शेवटचं आजारपण चालू असेल आणि सोबतीला डूला, म्हणजे शेवटच्या दिवसांत पेशंटला आणि घरच्यांना आधार द्यायला येणारी बाई, ठेवायचा विचार असेल तर पहिल्याच भेटीत स्पष्ट बोला, की ती नर्स नाही. मॉर्फिनचा डोस, कॅथेटर, ऑक्सिजन कमीजास्त करणं, यातल्या कशालाही तिने हात लावायचा नाही, आणि "थोडं जास्त दिलं तरी चालतं" असं म्हणणारी असेल तर ठेवूच नका. दुखणं, धाप यासाठी पॅलिएटिव्हचा, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारा, डॉक्टर आधीच गाठून ठेवा, तो नसेल तर एकट्या डूलाच्या भरवशावर पेशंटला घरी ठेवणं म्हणजे त्याचे हाल करणं आहे.

मग ती करते काय? पेशंटशी निवांत बोलते, कुणाला भेटायचंय, कोण खोलीत नको, कानावर काय पडलेलं आवडेल. रात्री कोण जागणार हे ठरवून देते म्हणजे एकट्या सुनेवर सगळं पडत नाही. आणि पुढे काय दिसेल ते घरच्यांना आधी सांगते, हातपाय गार पडतात, श्वास मधेच थांबून परत सुरू होतो, घशात घरघर होते.

आपल्याकडे हमखास होतं ते गंगाजलाचं. गिळणं बंद झालेलं असतं आणि प्रत्येक नातेवाईक येऊन चमचाभर तोंडात सोडतो, ठसका लागतो. चांगली डूला कुणाला न दुखावता ओला कापूस हातात देते, ओठांना लावा म्हणते. मला विचाराल तर तिची खरी गरज इथेच असते.

लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, याबद्दल ती बोलणं सुरू करून देऊ शकते, निर्णय पेशंटचाच. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला मान्यता दिली, २०२३ ला पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागते. प्रॉपर्टी, दागिने, भावाभावांचे वाद यात तिला ओढू नका.

डूलासाठी आपल्याकडे सरकारी लायसन्स वगैरे नाही, सर्टिफिकेट म्हणजे फक्त कोर्स केलाय. त्यामुळे आधी ज्या घरी काम केलं तिथे फोन करा, पैसे आणि वेळा लिहून घ्या, फोटो काढायचे नाहीत हेही सांगा.

आणि फॅमिली डॉक्टरला आत्ताच विचारून ठेवा, रात्री-अपरात्री घरी येऊन मृत्यूचा दाखला देणार का, कारण तो डूला देऊ शकत नाही आणि स्मशानात पहिल्यांदा तोच मागतात.